'अ.पा.क.' : दप्तरातील तीन अक्षरे

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून दप्तर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खलिते आणि सनदा येतात. ज्यांच्या घरी खलिता कधी आलाच नाही, त्यांचे दप्तर तहसील कचेरीत असते. सारा वसूल व्हावा, जमिनीचा धनी ठरावा म्हणून ते लिहिले गेले. इतिहास त्यात आला तो आगंतुकासारखा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, हे नाव सर्वतोमुखी झाले. आम्हां दोघांचे काम त्याहून साधे होते. आमच्यापैकी एकाचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात आहे, आणि पणजोबांनंतर शेत 'चुलत्याने राखले' ही घरातली कथा पडताळून पाहायची होती. त्यासाठी एक दिवस हाती होता.

इंदापूरला या बाबतीत एक मान आहे. प्रिंगलची मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीची नवी आकारणी प्रथम येथेच, १८३६ साली, लागू झाली. शेतास नंबर आणि नंबरास धनी, ही रीत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली.

१९१८ ची नोंदवही मोडीत आहे. मराठीत एम.ए. होऊनही आपल्यापैकी बहुतेकांना शंभर वर्षांपूर्वीचे मराठी वाचता येत नाही, याचा विषाद अभ्यासमंडळांना का वाटू नये, कोण जाणे. असो. मोडीवर्गात घटवलेली अक्षरे त्या दिवशी कामी आली. कोतवालाने वर्दी द्यायची, कुलकर्ण्याने लिहायचे. लेखणी न उचलता लिहिलेल्या त्या ओळींत शब्द कोठे तुटतो हे अंदाजानेच ठरवावे लागते. बारशापूर्वीच वर्दी गेल्याने जन्माच्या रकान्यात बाळाला नाव नाही. बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. मृत्यूच्या कारणाचा रकाना त्याहून कोरडा. ऑक्टोबरच्या पानांवर एकच शब्द खाली खाली उतरत जातो : ताप, ताप, ताप. इन्फ्लुएन्झा हा शब्द गावापर्यंत पोचला नव्हता, माणसे मात्र गेली. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता.

त्या पानांवर पणजोबा सापडले. त्यांच्यानंतर पाचव्या दिवशी, त्याच घरातून, त्यांचा धाकटा आणि एकुलता भाऊ. म्हणजे ज्या चुलत्याने शेत राखल्याचे तीन पिढ्या सांगत आल्या, तो चुलता पुतण्याच्या पाचव्या वर्षाआधीच गेला होता.

मग शेत राखले कोणी? उत्तर फेरफाराच्या वहीत होते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदी सुरू झाल्या, त्यामुळे मयताचे वारस नोंदवणे आले. तेथे चार वर्षांच्या मुलाचे नाव आहे, आणि त्यापुढे 'अ.पा.क. आई', मग तिचे नाव. अज्ञान पालनकर्ती. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन; मालक तो, ती पालनापुरती. पणजीचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते, ती सर्वांची 'मोठी आई' होती. येथे ते देत नाही. आधी घरच्यांना सांगायचे आहे.

दुष्काळ सरता सरता तिने कारभार हाती घेतला, आणि १९२९ नंतर मंदीत धान्याचे भाव कोसळले तेव्हाही तो तिच्याच हाती होता. एवढ्या अवधीत शेताचा एक तुकडाही विकल्याची वा गहाण टाकल्याची नोंद नाही. तिने काय पेरले, कर्ज कोणाकडून काढले, याबद्दल वही अर्थातच मुकी आहे. आत्मचरित्रांतून स्त्रीचा आवाज शोधायची सवय असलेल्या आम्हांला न झालेल्या व्यवहारांतून तो ऐकावा लागला. दप्तराला मात्र ती हवी होती ती कर्ता पुरुष नव्हता म्हणून. घरच्या कथेने त्या जागी मेलेला चुलता बसवला. दप्तराने निदान तीन अक्षरे तरी दिली.

१९३४ चा फेरफार दोन ओळींचा आहे. मुलगा सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. तिच्या नावाला कंस घातलेला आहे, आणि शाई अजून काळीभोर आहे.