फ्लॉपी डिस्कवरील माहितीची पुनःप्राप्ती

फ्लॉपी डिस्कवरील माहितीची पुनःप्राप्ती : जीर्ण, दूषित किंवा वाचनयंत्राअभावी निरुपयोगी ठरलेल्या फ्लॉपी डिस्कवरील संगणकीय माहिती वाचून ती नव्या माध्यमावर उतरवून घेण्याची प्रक्रिया. हस्तलिखित जीर्ण झाले, तरी त्याचा उरलेला भाग डोळ्यांनी वाचता येतो. फ्लॉपीवरील लेख मात्र यंत्रावाचून मुळीच दिसत नाही. माध्यम, वाचनयंत्र आणि माहितीच्या मांडणीचे ज्ञान हे तिन्ही टिकले, तरच तो लेख टिकतो.

आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९७१ मध्ये ८ इंची (सु. २० सेंमी.) फ्लॉपी डिस्क प्रचारात आणली. तिच्यात सु. ८० किलोबाइट माहिती मावत असे. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सची सव्वापाच इंची व १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची डिस्क आली. १९८७ पासून रूढ झालेल्या १·४४ मेगाबाइट क्षमतेच्या डिस्कच्या प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटांचे १८ सेक्टर असत. पुढे १९९८ च्या आयमॅक संगणकातून ॲपलने फ्लॉपीची सोय वगळली आणि २०११ मध्ये सोनीने जपानमधील विक्री थांबविली. दरम्यानच्या काळात असंख्य लेखक, कलावंत व संशोधक यांचे काम या डिस्कांवरच साठविले गेले होते.

फ्लॉपी म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ चकतीवर दिलेला लोह-ऑक्साइडाचा लेप. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते व लेपातील बंधकद्रव्य कमकुवत होते. अशी डिस्क तशीच फिरविल्यास सुटलेला लेप वाचनशीर्षावर साचतो आणि उरलेला पृष्ठभाग खरवडला जातो. म्हणून जाणकार प्रथम चकती आवरणातून काढून काळजीपूर्वक स्वच्छ करतात, तिला नवे आवरण घालतात आणि शक्य तितक्या कमी वेळा ती फिरवितात.

दुसरी अडचण मांडणीची. मॅकिंटॉशच्या ४०० व ८०० किलोबाइटांच्या डिस्कांत फिरण्याची गती ट्रॅकनुसार बदलत असे. अमिगा संगणक संपूर्ण ट्रॅक सलग लिहीत असे. सामान्य पीसीला या दोन्ही वाचता येत नाहीत. शिवाय त्रुटी आढळलेला सेक्टर सामान्य नियंत्रक सदोष ठरवितो. यावर उपाय म्हणून क्रायोफ्लक्स व ग्रीझवीझल यांसारखी साधने तयार झाली. ती कोणताही अर्थ न लावता चुंबकीय दिशाबदलांमधील कालांतरे जशीच्या तशी नोंदवितात. अनेक फेऱ्यांतील नोंदी ताडून अर्थ मागाहून लावता येतो, त्यामुळे मूळ डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल (१९२८–८७) यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथील अमिगाच्या प्रकाशन समारंभात संगणकावर चित्र काढून दाखविले होते. त्यांच्या डिस्का पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात होत्या. परंतु त्यांत काय आहे, हे अज्ञात होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळाने त्यांच्या प्रती काढल्या, अपरिचित मांडणीतील संचिका उलगडल्या आणि २०१४ मध्ये २८ अप्रकाशित चित्रे मिळाल्याचे जाहीर झाले. डिस्का जपून ठेवल्या होत्या, तरी वाचल्या जाईपर्यंत ती चित्रे जगाच्या दृष्टीने नव्हतीच.

पुनःप्राप्तीतून कर्त्याने टाकून दिलेला मजकूरही परत येतो. संगणकावर संचिका पुसली, की सामान्यतः तिची सूचीतील नोंदच जाते. मजकूर नवे लेखन होईपर्यंत तसाच राहतो. ‘रेंट’ या संगीतिकेचे कर्ते जॉनथन लार्सन (१९६०–९६) यांच्या फ्लॉपींतील संचिकांमध्ये वर्डच्या जलद-जतन पद्धतीमुळे वगळलेली आधीची वाक्ये सापडली. अभ्यासकाला असे खर्डे मोलाचे वाटतात. परंतु जे कर्त्याने पुसले ते वाचावे काय व कोणी, हा प्रश्नही अभिलेखागारांना सोडवावा लागतो. तथापि लेप झिजत असल्याने वाचनास मुदत आहे. प्रत आधी काढून ठेवली, तर प्रकाशनाचा निर्णय मागाहून घेता येतो.