समुद्रावर नाहींसा झालेला खलाशी आणि भरपाईचा कायदा

मालवण, देवगड, वेंगुर्लें या किनाऱ्यावरील कित्येक घरांचा संसार ‘बोटीवर’ गेलेल्या माणसाच्या पैशावर चालत आला. १९८१ पर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. मनिऑर्डर आली म्हणजे माणूस सुखरूप आहे, एवढाच घरच्यांचा हिशेब. ती बंद पडली तर दाद कोणाकडे मागावयाची?

१९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलांत आला. त्यापूर्वीं जखमी कामगारास मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी कोर्टांत शाबीत करावा लागे. ज्याचा हात यंत्रांत सांपडला, त्यानेंच वकिलाची फी भरून यंत्राच्या मालकाशीं झगडावयाचें! नव्या कायद्यानें हलगर्जीपणाचा प्रश्न बाजूस सारला. अपघात ‘नोकरींतून उद्भवलेला’ असावा आणि ‘नोकरीच्या ओघांत घडलेला’ असावा, एवढें पुरेसें झालें. ही शब्दयोजना इंग्लंडच्या १८९७ च्या कायद्यांतली. खलाशांसाठीं त्यांत स्वतंत्र कलम होतें. शिवाय मृत्यूची भरपाई मालकानें परस्पर वारसांस न देतां कमिशनरकडे भरावी, असा दंडक होता. तो फार शहाणपणाचा. विधवेचा अंगठा घेऊन थोडक्यांत प्रकरण मिटविण्याची वाट त्यानें अडविली.

गिरणींत साच्याजवळ अपघात झाला तर दोन्ही अटी बहुधा एकदमच पुऱ्या होत. समुद्रावर तसें नव्हतें. १६ डिसेंबर १९६१ रोजीं पर्शियन आखातांत ‘द्वारका’ बोटीवरील एक डेक-खलाशी नाहींसा झाला. त्याआधीं छातींत दुखतें म्हणून तो बोटीवरील डॉक्टरकडे गेला होता. पहाटे तीनच्या सुमारास तो लोकांस दिसला; सकाळीं शोध घेतला तेव्हां बोटीवर नव्हता. प्रेत सांपडलें नाहीं, पडतांना कोणीं पाहिलें नाहीं. बापानें मुंबईस दावा लावला. कमिशनरनें तो फेटाळला, मुंबई हायकोर्टानें मान्य केला आणि १९६९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां फेटाळला. मृत्यु नोकरींतून उद्भवला हें शाबीत करण्याचा भार दावेदारावर आहे. प्रत्यक्ष पुरावा नसल्यास परिस्थितीवरून अनुमान काढतां येईल, परंतु अनुमानास आधार हवा, नुसता तर्क चालणार नाहीं, असें कोर्टानें म्हटलें. युक्तिवाद सरळ आहे. पण तो आधार बापानें कोठून आणावा? बोट मालकाची, नोंदवही मालकाची, साक्षीदारहि मालकाच्याच पगारावरचे. बापापाशीं मुलाचें न परतणें एवढाच पुरावा होता.

दुसरा प्रश्न कामावर जाण्यायेण्याचा. तर ओलांडल्यावांचून ज्यांची रोजी सुरू होत नसे, अशा खाडीकांठच्या माणसांस तो सहज उमजेल. पोरबंदरच्या मिठागरांतले मजूर काम आटोपून परततांना होडी उलटून बुडाले. त्या खटल्यांत १९५८ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, कामाची जागा कल्पनेनें थोडी वाढवितां येते. पण सार्वजनिक तरींत बसलेला मजूर हा इतरांसारखाच एक उतारू. भरपाई मिळाली नाहीं.

हा कांटा पुढें हळूहळू सरकला. १९५७ सालीं मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर ड्यूटीनंतर बेस्टच्याच दुसऱ्या बसनें घरीं जातांना अपघातांत मरण पावला होता. त्याचा प्रवास बहुमतानें नोकरीचाच भाग ठरला. मराठवाड्यांतील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ सालीं पहाटे कामावर जातांना, कारखान्यापासून पांचेक किलोमीटरवर रस्त्यांत गेला. कमिशनरनें दिलेली भरपाई हायकोर्टानें काढून घेतली होती; २९ जुलै २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें ती वारसांस परत दिली. तोंवर बावीस वर्षें लोटलीं होतीं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. घर ते काम या वाटेवरील अपघाताचा तिच्यांत स्पष्ट उल्लेख आहे. मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा अपघाताशीं संबंध दाखविण्याचें काम तेथेंहि उरलेंच आहे.