खाड्याचा हिशोब

मुंबईच्या गिरण्यांत गैरहजेरीला 'खाडा' म्हणत. आमचे वडील साच्यावर होते. त्यांच्या तोंडून 'आज ताप आहे' हे वाक्य आम्ही फारसे ऐकले नाही. 'आज खाडा पडेल' हे मात्र पुष्कळदा ऐकले. तापाची भाषा डॉक्टरची, खाड्याची भाषा हिशोबनिसाची. आणि कामगाराच्या घरी आजार आला की दुसरीच भाषा आधी बोलली जाते. आमचे शालेय शिक्षण बेताचे, पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटाने केले. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये. एवढेच पाहावे, की माणूस आजारी पडला म्हणजे त्या दिवसांचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. तो कोणी सोसला, ह्याचाच हा इतिहास आहे.

1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे 5,500 सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी त्यात होती, ती पुढे 1890 मध्ये मिळाली आणि सर्वांच्या लक्षात राहिली. पण त्याच अर्जात आणखी एक कलम होते, की कामावर जबर इजा होऊन मनुष्य पडून राहिला तर तो बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. इजेच्या भरपाईचा कायदा झाला 1923 साली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. आणि त्यातही साध्या आजाराला जागा नव्हतीच.

मध्यंतरी एकदा पारडे उलटे झुकले होते. 1896 मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडू लागल्या. एरवी महिना उलटून गेल्यावरही पगार अडकवून ठेवणारे मालक त्या वेळी रोजची मजुरी रोज संध्याकाळी मोजू लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागल्याची नोंद आहे. हात दुर्मिळ झाले की हाताची किंमत कळते! प्लेगचा जोर ओसरला, माणसे परतली, आणि पगार पुन्हा महिन्यावर गेला.

एरवी मालकाला गैरहजेरी फारशी जाचत नसे, ह्याचे कारण बदली. फाटकाशी रोज सकाळी माणसांचा घोळका उभा असे. ज्याचा खाडा पडला त्याच्या जागी जॉबर त्यांतला एक आत घेई. आजारी माणसाला पगार नाही आणि ज्याला काम मिळाले नाही तो बदलीही कोरडाच घरी जाई. दोन माणसे गिरणीच्या दिमतीला आणि पगार एकाचा, असा हा व्यवहार. नवखा हात साच्यावर आल्याने माल थोडा बिघडे, तेवढीच काय ती झळ. शिवाय काही गिरण्यांत 'डबल खाडा' होता, म्हणजे एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांची मजुरी कापायची. 1936 च्या पगारविषयक कायद्याने जितकी गैरहजेरी तितकीच कपात हे तत्त्व घातले, तेव्हा त्याला आळा बसला. त्याच सुमारास, 1935 मध्ये, मालकसंघाने बदल्यांना कार्डे देऊन जॉबरचा हात थोडा आखडला.

मग आजाऱ्याला पोसले कोणी? पहिल्या आठवड्यात खानावळवालीने, उधारीवर. त्यानंतर पठाणाने, रुपयाला महिना एक आणा व्याजाने; वर्षाचे ते शेकडा पंचाहत्तर होतात. आणि दुखणे लांबले तर गावाने. रत्नागिरीच्या नाही तर साताऱ्याच्या गाडीवाटेने माणूस घरी जाई, आई-बायकोने दोन शेतांच्या तुकड्यांवर पिकविलेले खाई, बरा झाला तर परत येई. मालक म्हणत, हे लोक मुळातच शेतकरी, ह्यांना यंत्राची शिस्त नाही. शिमग्याला आणि लावणीला माणसे जात, हे आम्ही नाकारीत नाही. पण गिरणीचा आजार-निधी कोकणातल्या बाया चालवीत होत्या, ही रक्कम कोणत्याही ताळेबंदात आली नाही.

व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात आजाराच्या विम्याचा विचार केला. त्यानंतर बारा वर्षे प्रश्न तसाच राहिला. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना, 1943 च्या मार्चमध्ये, प्रा. आडारकर ह्यांच्याकडे योजना आखण्याचे काम दिले गेले. 1944 च्या ऑगस्टात त्यांचा अहवाल आला. त्यातून 1948 चा राज्य विम्याचा कायदा झाला. कानपूर व दिल्ली येथे तो 24 फेब्रुवारी 1952 रोजी आणि मुंबईत 2 ऑक्टोबर 1954 रोजी सुरू झाला. आजारात सुमारे निम्मा पगार, वर्षात 56 दिवस. पुढे दिवस 91 झाले आणि प्रमाण शेकडा सत्तरावर गेले. आमच्या मते पैशांहूनही मोठे कलम त्यात होते ते हे, की भत्ता घेत असलेल्या आजाऱ्याला मालकाने कामावरून काढू नये. फाटकावरच्या घोळक्याचा धाक तिथे प्रथम बोथट झाला.

खोटी दुखणी होतात काय? होतात. दाखला मिळवून लग्नाला जाणारे गडी आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहोत. ह्याच धास्तीने कायद्यात पहिले दोन दिवस कोरडे ठेवले गेले. परंतु त्याचा परिणाम पाहा. दोन दिवसांचा ताप आलेला मनुष्य विचार करतो, की घरी बसून काहीच मिळणार नाही, तर कामावर जावे. तो ताप चौघांना देतो आणि बोट पट्ट्यात घालतो. उलट ज्याचे दोन दिवस बुडालेच आहेत, त्याला तिसऱ्या दिवशी उठण्याची घाई राहत नाही. लबाडी रोखण्यासाठी बांधलेला बांध प्रामाणिक माणसाच्याच शेतात पाणी तुंबवितो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदाराकडचा एक पोरगा थंडी वाजत असताना पाळीवर आला. घरी जा म्हटले तर त्याने विचारले, "काका, दोन दिवसांचं कोण देणार?" आम्ही डबा खाण्याच्या सुट्टीत रुमाल फिरविला. एका दिवसाचे जमले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला.