डीप ब्लूची आठवी खेळी

११ मे १९९७, न्यूयॉर्क. कास्पारोव्ह आणि आयबीएमचा डीप ब्लू, दोघांचे पाच डावांत अडीच-अडीच गुण. सहावा डाव निर्णायक, आणि कास्पारोव्हकडे काळी मोहरी.

त्याने कॅरो-कान निवडला. भक्कम, कंटाळवाणा बचाव. पण सातव्या खेळीला त्याने नेहमीचा उंट बाहेर काढण्याऐवजी हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे ढकललं (एच६) आणि पांढऱ्या घोड्याला हुसकावलं. आता हा घोडा ई६ वर मारता येतो, हे पुस्तकात होतंच. पण बदल्यात मिळतं फक्त एक प्यादं आणि काळ्या राजाची अडचण. कास्पारोव्हचा हिशोब सरळ होता: यंत्र मोहरी मोजतं, ते उधारीवर घोडा देणार नाही.

डीप ब्लूने घोडा दिला! राजा मधेच अडकला, पुढे वजीरही गेला आणि एकोणिसाव्या खेळीला कास्पारोव्हने डाव सोडला. सामना साडेतीन-अडीच.

आता गंमत बघा. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या या यंत्राने ही खेळी शोधलीच नव्हती. ती त्याच्या ओपनिंग बुकात माणसांनी घालून ठेवली होती. टीममधला ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास याने तर नंतर मुलाखतीत सांगितलं, की ही नोंद त्याच दिवशी सकाळी केली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर चक्क हार्डकोड केलेलं उत्तर!

मग ही फसवणूक म्हणायची का? मला नाही वाटत. १९९५ साली याच न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्हने आनंदविरुद्ध दहाव्या डावात घरी तयार केलेला हत्तीचा बळी देऊन डाव मारला होता. तेव्हा आपण त्याला तयारी म्हटलं. शिवाय घोडा दिल्यानंतरचा हल्ला अचूक चालवणं हे यंत्राचंच काम होतं.

खरी खंत वेगळीच. कास्पारोव्हने पुन्हा सामना मागितला, आयबीएमने नकार दिला आणि डीप ब्लू निवृत्त झाला. त्यामुळे बुकाबाहेर तो घोडा त्याने दिला असता का, हे पटावर तपासायची संधीच गेली. एकच टेस्ट रन, आणि मशीन थेट म्युझियममध्ये. असो.