टीव्हीवरच्या डब्याचे उचापतखोर

टीव्हीवर इंटरनेट दाखवणाऱ्या वेबटीव्हीच्या पहिल्या डब्याचं झाकण उघडलं की आत फारसं काही दिसत नसे. 112 मेगाहर्ट्झचा मिप्स जातीचा प्रोसेसर, 2 एमबी रॅम, 2 एमबी रॉम, 1 एमबी फ्लॅश मेमरी आणि 33.6 चा मोडेम. हार्ड डिस्क नाही. समोरच्या बाजूला स्मार्ट कार्डसाठी एक खाच होती, तिचा पुढे कुणाला फारसा उपयोग झाला नाही. मी न्यू जर्सीत टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो. व्हीसीआरच्या मानाने हा डबा म्हणजे आराम होता. पट्टे नाहीत, हेड नाही, तेल-पाणी नाही. विजा कडाडल्या की फोनलाइनवाटे मोडेम जळायचा, बाकी तक्रार क्वचित. गिऱ्हाइकं मात्र वेगळ्याच तक्रारी घेऊन यायची. डबा ठीक चालतोय, पण त्याच्या आत अजून काहीतरी आहे आणि ते मला बघायचंय, अशी.

ही गोष्ट त्या गिऱ्हाइकांची आणि त्यांच्यासारख्या देशभरातल्या उचापतखोरांची आहे.

आधी डब्याची जन्मकथा थोडक्यात. अ‍ॅपल आणि जनरल मॅजिक या कंपन्यांत काम केलेल्या स्टीव्ह पर्लमनने कॅम्पबेल सूपची वेबसाइट बघितली. त्याच्या मनात आलं, या पाककृती ज्यांना हव्यात त्यांच्या घरी कॉम्प्युटरच नाही. टीव्ही मात्र प्रत्येकाकडे आहे. ब्रूस लीक आणि फिल गोल्डमन हे जुने सहकारी सोबत घेऊन 1995 साली त्याने कंपनी काढली. सुरुवातीला गुपित राखायला तिचं नाव आर्टेमिस रिसर्च ठेवलं होतं. पालो आल्टोच्या अल्मा स्ट्रीटवर बीएमडब्ल्यूच्या एका जुन्या शोरूमच्या अर्ध्या जागेत यांचं ऑफिस. 1996 च्या सप्टेंबरात सोनी आणि फिलिप्स यांचे डबे दुकानात आले. किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास, बिनतारी कीबोर्डचे पैसे वेगळे, आणि महिन्याला वीस डॉलरला पाच सेंट कमी. आतलं सांकेतिकीकरण इतकं भक्कम होतं की अमेरिकन सरकारने काही काळ हा डबा चक्क शस्त्रास्त्रांच्या यादीत घालून परदेशी न्यायला बंदी केली होती. पुढच्या एप्रिलात मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली, 42 कोटी 50 लाख डॉलर मोजून. 1999 पर्यंत गिऱ्हाइकं आठ लाखांच्या घरात गेली होती.

आता मला खरा रस आहे तो भाग.

डबा चालू केला की तो आधी एका फुकट नंबरला, म्हणजे 800 च्या नंबरला फोन लावायचा. पलीकडच्या यंत्राला स्वतःचा चिपमध्ये कोरलेला अनुक्रमांक सांगायचा. फोन कोणत्या गावातून आलाय हे त्या यंत्राला लाइनवरूनच कळायचं. मग ते डब्याला एक छोटा प्रोग्रॅम पाठवायचं. त्याला टेलीस्क्रिप्ट म्हणत. सी भाषेसारख्या भाषेतला हा प्रोग्रॅम डब्याला सांगायचा, की तुझ्या जवळचा नंबर हा, तो असा फिरव, उत्तर आलं नाही तर हा दुसरा बघ. डबा फोन ठेवायचा, तो जवळचा नंबर फिरवायचा आणि मगच खरी सेवा सुरू व्हायची. आत शिरताना दारात हेड-वेटर नावाची एक सेवा उभी असायची. तुम्ही कोण ते तपासून ती तुम्हाला पुढे सोडायची. टपालाला वेगळी सेवा, आवडत्या पानांना वेगळी, फ्लॅश मेमरीत नवी आवृत्ती भरायला वेगळी. प्रत्येकीचं नाव डब्ल्यूटीव्ही आणि आडव्या रेघेने सुरू होणारं. बाहेरच्या वेबवरचं पानसुद्धा डब्याकडे थेट यायचं नाही. कंपनीची यंत्रं ते आधी स्वतः आणायची, चित्रं लहान करायची, टीव्हीच्या 544 ठिपके रुंदीच्या पडद्यात बसेल असं करायची आणि मग पाठवायची. दोन एमबीच्या डब्याला वेब झेपायचं ते यामुळे. खरा कॉम्प्युटर कॅलिफोर्नियात होता, घरातला डबा त्याची नुसती खिडकी.

वापरणाऱ्याला यातलं काही दिसू नये अशीच सगळी रचना होती. सोर्स बघायची सोय नव्हती, फाइल उतरवून ठेवायची जागा नव्हती, सेटिंगच्या नावाखाली मोजकी चार बटणं. पण कीबोर्डावर ‘गो टू’ नावाचा पत्ता टाइप करायचा रस्ता होता आणि सगळी उचापत तिथून सुरू झाली. एखाद्याने डब्ल्यूटीव्ही-ट्रिक्स असा पत्ता टाकून बघितला आणि कंपनीच्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं एक पान समोर आलं. दुसऱ्याने क्लायंट हा शब्द, मग दोन ठिपके, मग पॉवरऑफ असं लिहिलं आणि डबा बंद झाला! तिसऱ्याला रॉममधल्या फायलींचा पत्ता सापडला. डब्यातच दडलेली चित्रं आणि आवाज आपल्या घरच्या पानावर लावता येतात हे कळल्यावर लोकांना आनंदाचं भरतं आलं. फुकट, वेगवान आणि फोनचं बिल न वाढवता!

कंपनीच्या लक्षात आल्यावर तिने ‘गो टू’मधून असे पत्ते बंद केले. मग लोकांनी तोच पत्ता स्वतःच्या पानावर लिंक म्हणून लिहिला आणि ती लिंक दाबली. ते बंद झाल्यावर स्वतःलाच पत्र पाठवून पत्रातली लिंक दाबली. दर नव्या आवृत्तीबरोबर एक वाट बुजायची आणि पंधरवड्यात दुसरी फुटायची. कोणत्या आवृत्तीत काय चालतं याच्या वह्या लोक ठेवायचे. आमच्या दुकानात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे, त्यांची अशी वही मी बघितलीय. रेघांची, सर्पिलाकार तारेची. डावीकडे पत्ता, उजवीकडे काय झालं ते. ‘पडदा काळा झाला’, ‘काहीच नाही’, ‘नवीन पान, कशाचं ते कळत नाही’, ‘पुन्हा करू नये’. आयुष्यभर पत्त्यांशीच ज्याचा संबंध आला त्याने हा छंद धरावा, यात मला तरी नवल वाटलं नाही.

हे लोक इंजिनिअर नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं. कॉम्प्युटर परवडत नव्हता किंवा त्याची भीती वाटत होती म्हणूनच तर त्यांनी टीव्हीवरचा डबा घेतला होता. कॉम्प्युटरवाले त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. तरी यांच्यातल्या बऱ्याच जणांनी एचटीएमएल पक्कं शिकून घेतलं, तेही पानांचा सोर्स दाखवणाऱ्या दुसऱ्यांच्या वेबसाइटवर जाऊन. डब्यात डिस्क नाही, मग स्वतःच्या पानावर चित्र लावायचं कसं? त्यासाठी ट्रान्सलोडर नावाच्या वेबसाइट निघाल्या. चित्राचा पत्ता आणि तुमच्या पानाची जागा सांगितली की त्या परस्पर इकडून तिकडे फाइल हलवायच्या, डब्याला हातही न लागता. मला हा तोडगा फार आवडतो. आज आपण सगळं दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवतो आणि त्याला प्रगती म्हणतो; यांनी ते गरजेपोटी केलं होतं.

पण माझ्या मते मूळ चूक कंपनीची होती, आणि ती नुसत्या दडवादडवीपुरती नव्हती. आतल्या पत्त्यांवर नुसतं जाण्यानेच कामं व्हायची. एक पत्ता उघडला की सेटिंग बदलायचं, दुसरा उघडला की काहीतरी पुसलं जायचं. हा पत्ता फक्त आमच्याच पानावरून उघडला जाईल, असं आतल्या रचनेने गृहीत धरलं होतं. आणि टपाल तर एचटीएमएलमध्ये. पत्राखालच्या सहीतसुद्धा कोड घालता यायचा. मग काय, पत्रात चित्राच्या जागी आतला पत्ता लिहिला की समोरच्याने पत्र नुसतं उघडताक्षणी त्याचा डबा ते चित्र आणायला जायचा आणि नको ते करून बसायचा. सुरक्षेच्या क्षेत्रातली मंडळी आज या प्रकाराला शिकवणीत जागा देतात. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांना तो आपोआप सापडला होता. काहींनी तो मित्राची खोड काढायला वापरला, काहींनी भांडणात. 2000 साली तर सहीवाटे पसरणारा एक उपद्रवी कोडही फिरला.

सगळ्यात वाईट प्रकार 2002 च्या जुलैत झाला. तोवर सेवेचं नाव एमएसएन टीव्ही झालं होतं. लुइझियानातल्या एका माणसाने काही ओळखीच्या वापरणाऱ्यांना एक पत्र पाठवलं. पडद्याचे रंग बदलणारी गंमत आहे असं सांगितलं होतं. उघडल्यावर डब्यातला फोन नंबर बदलून 911 होत होता. म्हणजे इंटरनेट लावायला जावं तर फोन थेट पोलिसांना. शिवाय हे डबे मध्यरात्री आपण होऊन फोन लावायचे, त्यामुळे माणूस झोपेत असतानाही नंबर फिरायचा. पोलीस काही जणांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या माणसाला पुढे 2005 साली सहा महिन्यांची कैद झाली, ती योग्यच झाली. टेलीस्क्रिप्टचं कोडं सोडवणारे आणि हा माणूस यांना एकाच पंक्तीत बसवणारे लेख तेव्हा छापून आले, ते मात्र मला मान्य नाहीत. कुलूप कसं चालतं ते पाहणं आणि शेजाऱ्याच्या घराला आग लावणं यांत फरक करता आला पाहिजे.

आमच्या घरातही एक डबा होता. थोरल्या भावाने वहिनींसाठी घेतला होता. पुण्याहून त्यांच्या बहिणीचं पत्र आलं की डब्यावरचा लाल दिवा लागायचा आणि वहिनी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायच्या. पत्रं रोमन लिपीतली. वेबटीव्ही बाजारात आला त्याच महिन्यात, सप्टेंबर 1996 मध्ये, मायबोली ही वेबसाइट सुरू झाली होती, तिथेही त्या काळी मराठी रोमन लिपीतच चालायचं, म्हणून ती या डब्यावर वाचता यायची. पुढे देवनागरीची पानं येऊ लागली आणि पंचाईत झाली. ती पानं वाचायला ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि या डब्यात फॉन्ट घालायला जागाच नव्हती.

“भावजी, तुम्ही एवढे डबे उघडता, यात आपली अक्षरं घालून द्या की.”

मी त्या निवृत्त टपालवाल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी वही चाळली आणि मान हलवली. फॉन्ट रॉममध्ये होते. रॉमला वाचता येतं, लिहिता येत नाही. चित्र म्हणून टाकलेलं देवनागरी पान मात्र छान दिसायचं, तेवढ्यावर वहिनींनी भागवलं.

2004 मध्ये एमएसएन टीव्ही 2 आला. त्याच्या आत सेलेरॉन प्रोसेसर आणि विंडोज सीई. छंदी लोकांनी त्यात लिनक्स घुसवायला फार वेळ घेतला नाही. मला त्यात तितकी मजा वाटली नाही. तो साधा पीसी होता, डब्याचा वेष घेतलेला.

30 सप्टेंबर 2013 रोजी सेवा बंद झाली आणि जुने डबे एका दिवसात निकामी ठरले. बिघाड कशातच नव्हता. ते चालू व्हायचे, फोन लावायचे आणि पलीकडे कुणी नसायचं. पहिल्या फोनला उत्तर मिळाल्याशिवाय या डब्याला साधं स्वतःचं घरपानही दाखवता येत नाही, कारण ते पानही कॅलिफोर्नियाहूनच यायचं.

आणि इथेच जुन्या उचापती कामाला आल्या. त्या सेवेची भाषा कंपनीने कधी प्रसिद्ध केली नाही. पण कोणत्या नावाची सेवा काय करते, कोणता पत्ता काय मागतो, हेड-वेटर ओळख कशी पटवून घेतो, याच्या नोंदी लोकांकडे होत्या. त्यांच्या आणि रॉममधून काढलेल्या प्रतींच्या आधारावर छंदी प्रोग्रॅमरांनी डब्याला उत्तर देणारी स्वतःची यंत्रणा लिहिली. अशा यंत्रणांपैकी मिनिसर्व्ह नावाची एक कुणालाही फुकट घेता येते. फोनलाइनच्या जागी घरातलाच दुसरा मोडेम जोडायचा, डब्याला वाटतं आपण फोन केला, आणि वीस वर्षांपूर्वीचं घरपान पडद्यावर येतं. माझ्या टेबलावर सोनीचा एक डबा असा चालतो. मेम नावाच्या प्रोग्रॅममध्ये तर आता डबासुद्धा नको, त्याची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर चालते. ज्यांना कंपनीने खाती बंद करण्याच्या धमक्या दिल्या त्यांच्या वह्यांवर तिच्या सेवेचा इतिहास उभा आहे.

तरी अजून बरंच हाती लागायचं आहे. पहिल्या डब्यांच्या फ्लॅश मेमरीत शेवटची आवृत्ती तशीच असते आणि 1997 मध्ये आलेल्या प्लस मॉडेलात 1.1 जीबीची हार्ड डिस्क आहे. तिच्यावर काय काय उरलं असेल ते प्रत्येक डब्यागणिक वेगळं. अमेरिकेतल्या मराठी घरांतून आई-वडिलांसाठी, सासू-सासऱ्यांसाठी असे डबे घेतले गेले होते, हे मी दुकानात डोळ्यांनी बघितलंय. ते आता गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये पडून असतील. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर कचऱ्यात टाकू नका, आतलं काही पुसूही नका. जुनी यंत्रं जपणाऱ्या जवळच्या संग्रहालयाला किंवा छंदी माणसाला फोन करा.