एजंट कुणाचा, पैसे कुणाचे

मी न्यू जर्सीत घरं विकायच्या धंद्यात आले, तेव्हा इथले एजंट नव्या गिऱ्हाइकाला हमखास एक गोष्ट सांगायचे: माझी फी तुम्हाला पडत नाही, ती विकणारा देतो. मुंबई-ठाण्यात दोन्ही बाजूंनी टक्का-दोन टक्के दलाली मोजून आलेल्या आपल्या माणसांना हे ऐकून अमेरिका आणखीच आवडायची.

कागदावर ते खरंही होतं. व्यवहार पुरा होताना हातात पडणाऱ्या हिशेबाच्या तक्त्याला २०१५ पर्यंत एचयूडी-१ म्हणत. त्यात ७०० क्रमांकापासून कमिशनच्या ओळी सुरू होत आणि आकडा बहुधा विकणाऱ्याच्या रकान्यात पडे. घर सहा लाख डॉलरचं आणि कमिशन पाच टक्के धरा. झाले ३० हजार. त्यातले निम्मे, १५ हजार, खरेदीदाराला घरं दाखवणाऱ्या एजंटकडे जात. पण त्या टेबलाशी पैसे घेऊन बसलेला माणूस एकच, खरेदीदार. सोबत त्याची बँक. विकणारा नुसत्या किल्ल्या घेऊन यायचा.

ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावचे दलाल एका ठिकाणी जमून आपापल्याकडची घरं एकमेकांना सांगत. माझ्याकडचं घर तू विकलंस तर माझ्या कमिशनातला वाटा तुझा, असा सौदा. १९०८ साली शिकागोत त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि स्थानिक मंडळं कमिशनचे दर ठरवून देऊ लागली. १९५० मध्ये वॉशिंग्टनच्या मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की असे दर बांधणं म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग. दरपत्रकं गेली. दर मात्र पाच-सहा टक्क्यांच्या आसपास पुढची कित्येक दशकं मुक्काम ठोकून राहिला.

या सगळ्यात मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त झोंबते. १९९०च्या दशकापर्यंत, तुम्हाला गाडीत घालून शनिवार-रविवार घरं दाखवणारा एजंट कायद्याने बहुतेक वेळा विकणाऱ्याचा उप-एजंट असे. ‘एक लाख ऐंशीची ऑफर देऊ, पण दोन लाखांपर्यंत जाऊ शकतो,’ असं तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, तर ते विकणाऱ्याच्या कानावर घालणं हे त्याचं कर्तव्य होतं. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३च्या अहवालात दिसलं की बहुसंख्य खरेदीदार त्याला आपलाच माणूस समजत होते. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या आपल्या डॉक्टर-इंजिनिअर पिढीने पहिली घरं याच काळात घेतली. एडिसनमधल्या एका काकांना हे समजावून सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘अगं, त्या माणसाला तर आमच्या हिने दिवाळीचा फराळ नेऊन दिला होता!’

ओरड झाली, राज्यांनी एजंट कुणाचा ते आधी उघड सांगायची सक्ती केली, आणि खरेदीदाराला खरोखरचा स्वतःचा एजंट मिळाला. पैशाची वाट मात्र तीच राहिली. संघटनेचा नियम तेव्हा असा होता, की एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामाईक यादीवर, घर चढवायचं तर समोरच्या एजंटला काहीतरी देऊ करायलाच हवं. आमच्या भागातल्या यादीत त्यासाठी बारीक रकाने असत. उप-एजंटच्या रकान्यात बहुधा शून्य, खरेदीदाराच्या एजंटपुढे अडीच. तिथे दीड दिसला की काही एजंट त्या घराची वाटच विसरत. हे उघड कुणी बोलत नसे, पण विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मिसुरीतल्या घर विकणाऱ्यांनीच कोर्टात विचारलं, की समोरच्याच्या माणसाचा पगार आम्ही का द्यायचा? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने सुमारे १.७८ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली. १७ ऑगस्टपासून एमएलएसवरचे ते रकाने बंद झाले, आणि घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं आलं. न्यू जर्सीने तर १ ऑगस्टपासूनच लेखी करार कायद्याने बंधनकारक केला.

पुण्याच्या एका जोडप्यापुढे मी तो करार ठेवला, तर नवरा म्हणाला, ‘ताई, अजून दारसुद्धा उघडलं नाही आणि सही?’ मी त्याला आकडा दाखवला. दोन टक्के, आणि ते विकणाऱ्याकडून मिळाले नाहीत तर तुम्ही द्यायचे. त्याने चक्क घासाघीस केली. मला ते आवडलं. जुन्या पद्धतीत तोंड उघडायला त्याला जागाच नव्हती.

पण पहिलं घर घेणाऱ्यांचे हाल वाढले, हेही खरं. डाउन पेमेंट जेमतेम जमवलेल्या माणसाला एजंटची फी वेगळी द्यायची, तर ती कर्जात सहसा बसत नाही. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जात तर खरेदीदाराने ही फी देण्यालाच मनाई होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती तात्पुरती उठवावी लागली. म्हणून आम्ही आता ऑफरमध्येच लिहितो, की खरेदीदाराच्या एजंटचे दोन टक्के विकणाऱ्याने द्यावेत. एका घरावर पाच-सहा ऑफर आल्या की विकणाऱ्याचा एजंट आधी कॅल्क्युलेटर काढतो, प्रत्येक किमतीतून ते दोन टक्के वजा करतो, आणि मगच कुणाची ऑफर मोठी ते बघतो.