नाव दिले म्हणजे झाले?

दुसऱ्याचे काही घेतले तर त्याचे नाव लिहा, ही एक सवय लावण्यात माझी शाळेतली बरीच वर्षे गेली. निबंध असो, प्रकल्पाची वही असो, कुठून घेतले ते खाली लिहायचे. विद्वानांच्या जगातही हाच शिरस्ता आहे. तळटीप दिली, ऋण मान्य केले की कुणी तक्रार करत नाही. संगणकाच्या आज्ञावल्यांना मात्र हा शिरस्ता पुरा पडत नाही, आणि शास्त्रज्ञांसारख्या हुशार मंडळींनाही हे उमगायला बरीच वर्षे लागली. त्याची हकीकत मला फार रंजक वाटली, म्हणून आज हा लेख.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९५५ साली अमेरिकेत आयबीएम ७०४ हा संगणक घेणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचा एक गट काढला. नावातच सगळे आले. एकाने वर्गमूळ काढण्याची आज्ञावली लिहिली की ती बाकीच्यांना मिळायची. कुणी कुणाला परवानगी विचारत नसे, कारण किंमत यंत्राला होती, आज्ञावली ही त्याच्यासोबत येणारी वस्तू होती. दुकानात भाजी घेतली की कोथिंबिरीची काडी मिळते ना, तसे. १९६९ साली आयबीएमने यंत्र आणि आज्ञावली यांचे हिशेब वेगळे करायचे जाहीर केले आणि कोथिंबिरीला भाव आला.

मग कायदा आला. अमेरिकेने १९८० साली आज्ञावलीचा प्रताधिकार कायद्यात स्पष्ट उल्लेख केला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि आज्ञावली ही 'साहित्यकृती' ठरली. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि फोर्ट्रानमधली आज्ञावली एका पंगतीला! यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा हक्क मिळवायला नोंदणी वगैरे काही लागत नाही. लिहिले की हक्क लागू. लेखकाने काहीच म्हटले नसेल तर त्याचा अर्थ 'घ्या' असा होत नाही, 'विचारल्याशिवाय घेऊ नका' असा होतो.

इथे एक बारीक भेद आहे. भागाकार करत करत मसावि काढायची रीत आपण सगळे शाळेत शिकलो. ती युक्लिडच्या ग्रंथात आहे आणि साऱ्या जगाची आहे. पण ती रीत अमुक एका माणसाने आपल्या शब्दांत संगणकासाठी लिहिली, तर ते लिखाण त्याचे. रीत कुणाच्याही मालकीची नाही, लिखाण मालकीचे आहे. गणिताच्या माणसाला हे विचित्र वाटते, कारण त्याच्या लेखी रीत आणि लिखाण यांत फारसे अंतर नसतेच.

१९८६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने एक जाडजूड पुस्तक काढले, 'न्यूमेरिकल रेसिपीज'. आकडेमोडीच्या पाककृतीच म्हणा. प्रेस, फ्लॅनरी, ट्युकोल्स्की आणि व्हेटरलिंग असे चार लेखक. समीकरणे सोडवणे, विदेतून वक्र काढणे, यदृच्छ संख्या तयार करणे, असे शास्त्रज्ञाला जे जे लागते ते समजावून दिलेले, आणि प्रत्येक रीतीखाली तयार आज्ञावली छापलेली. भाषा प्रसन्न. १९८८ मध्ये 'सी' भाषेतली आवृत्ती आली. हे पुस्तक प्रयोगशाळांतून इतके पसरले की विचारू नका.

पण या पुस्तकात परवान्याचेही एक प्रकरण होते. त्याचा मथितार्थ असा: पुस्तक विकत घेतलेत, तर यातली आज्ञावली स्वतः टंकून एका संगणकावर स्वतःपुरती वापरा. मूळ लिखाण दुसऱ्याला देऊ नका. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर फुकट टंकण्यावर दहा आज्ञावल्यांची मर्यादा घातली. आता आपल्या कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आठवा. त्यातले वाचून पुरणपोळी केली तर शेजारणीला दिल्यावाचून कोणी राहील का? इथे पोळी शेजारी द्यायची तर वेगळ्या अटी वाचाव्या लागत, आणि पाककृती उतरवून देणे तर सरळच मना!

लेखकांना मी दोष देणार नाही. त्यांनी मेहनत केली, अटी आडपडदा न ठेवता छापल्या, जास्त हवे त्यांना पैसे भरून परवाना घेण्याची सोय ठेवली. प्रताधिकार कल्पनेला नसतो, फक्त मांडणीला असतो, हेसुद्धा त्यांनीच पुस्तकात लिहून ठेवले आहे. घोळ वाचणाऱ्यांनी घातला. त्यांनी आज्ञावली उतरवली, वर 'न्यूमेरिकल रेसिपीजवरून' अशी ओळ प्रामाणिकपणे लिहिली आणि ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली. विद्यार्थ्यांनी पुढच्यांना दिली.

असल्याच एका वारशात माझा पुतण्या सापडला. तो एका संशोधन संस्थेत आहे. तीन वर्षे खपून केलेल्या कामाचा लेख तयार झाला. नियतकालिकाने सांगितले, आज्ञावलीही सर्वांना तपासता येईल अशी खुली करा. ती उघडून बघतो तर आत चार जागी कुणा जुन्या विद्यार्थ्याने आणलेला परका मजकूर, त्यातले तीन तुकडे याच पुस्तकातले.

मी म्हटले, "अरे, वर पुस्तकाचं नाव दिलंय की!"

"काका, नाव दिलंय. परवानगी कुठाय?"

मी माझ्या परीने वाद घातला. शास्त्र म्हणजे देवाणघेवाण, यात चोरी कसली, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "मी वापरलं तर कुणी विचारणार नाही. पण मी जगाला वाटायला ठेवलं, की जे माझं नाही ते मी देतोय." शिक्षकाच्या घरातला मुलगा, एवढेच म्हणतो.

या कोंडीतून शास्त्रज्ञांनी वाट काढली ती फिर्याद करून नव्हे, पुन्हा लिहून. १९९६ साली लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मार्क गॅलासी आणि जेम्स थायलर यांनी 'ग्नू सायंटिफिक लायब्ररी' हाती घेतली. मूळ शोधनिबंधांकडे जायचे, रीत समजून घ्यायची आणि आज्ञावली कोरी लिहायची. २००१ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. परवाना रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल, जो पहिल्यांदा १९८९ मध्ये निघाला. तो म्हणतो: घ्या, वापरा, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा मूळ लिखाणासकट आणि याच अटींवर वाटा.

दुसरा पंथ बर्कलीच्या बीएसडी परवान्याचा. त्याची अट थोडक्यात इतकीच, की आमची हक्काची सूचना आणि नाव काढू नका. मग काय वाटेल ते करा. म्हणजे माझा वर्गातला नियमच की! फरक एवढाच, की इथे तो घेणाऱ्याने मनाशी ठरवलेला नसतो, देणाऱ्याने लिहून दिलेला असतो. सगळी मेख या एका फरकात आहे, असे मला वाटते.

दोन्ही पंथ उदार, तरी त्यांचे रोटी-बेटी व्यवहार एकाच दिशेने चालतात. पायथॉन भाषेतला 'सायपाय' हा प्रसिद्ध संच २००१ पासून बीएसडी परवान्यावर आहे. त्यातले लिखाण जीपीएलवाल्यांना उचलता येते. पण ग्नूच्या त्या ग्रंथालयातले लिखाण सायपायमध्ये घालता येत नाही, घातले तर सगळ्यालाच जीपीएलच्या अटी लागतात. एकच रीत दोन्हीकडे दोनदा लिहिली गेली आहे ती अशाने.

सायपायच्या पोटात 'मिनपॅक' नावाची एक जुनी आज्ञावली आहे. विदेला जुळणारा वक्र काढण्याच्या कामी येते. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ती १९८० साली तयार झाली. तिच्यासोबतची हक्काची सूचना वाचा, तिच्यावर साल आहे १९९९. आज्ञावलीनंतर एकोणीस वर्षांनी! प्रयोगशाळा चालवणाऱ्या शिकागो विद्यापीठाने त्यात लिहून दिले की वाटा, बदला, मात्र सोबतच्या कागदपत्रांत आमचा उल्लेख करा. एका पानाचा मजकूर. तो झाला म्हणून ती आज्ञावली आज निर्धास्तपणे जगभर वापरात आहे.

पुतण्याने पुस्तकातले तीन तुकडे काढून त्यांच्या जागी सायपाय बसवले. उत्तरे पुन्हा पडताळण्यात दीड महिना गेला. चौथा तुकडा एका निवृत्त परदेशी प्राध्यापकांचा होता, त्यावर नाव होते पण परवाना नव्हता. त्यांना ई-मेल केली. उत्तर आले, खुशाल वापरा. याने पुन्हा लिहिले, सर, वापराच नव्हे, इतरांना देऊ का, आणि कोणत्या परवान्यावर? सदगृहस्थांनी न चिडता परवान्याचे नाव लिहून पाठवले. ते पत्र आता आज्ञावलीच्या जोडीला ठेवलेले आहे.

ते हयात होते म्हणून जमले. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी आज्ञावल्या अशा आहेत की खाली नुसते नाव आहे आणि नावाचा माणूस उरलेला नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार राहतो. समजा १९७५ साली कुणी आपल्या हौसेने आज्ञावली लिहिली आणि तो गृहस्थ २०१० मध्ये गेला, तर ती २०७० अखेरपर्यंत त्याच्या वारसांची. त्या नातवंडांना फोर्ट्रान म्हणजे काय हे तरी ठाऊक असेल का, कोण जाणे.